आकडा कोणी मोजला, हे आधी विचारा

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्र शिकते. ‘सोलापूर जिल्ह्यातील शिक्षण आणि सामाजिक संधी’ या विषयावर मला तीन हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे. पहिला मसुदा सरांनी परत केला आणि समासात ‘संदर्भ अविश्वसनीय, मूळ स्रोत पाहा’ असा शेरा दिला. मी शेवटी ‘गुगल’, ‘विकिपीडिया’ आणि काही संकेतस्थळांची नावे लिहिली होती. महाराष्ट्राच्या २०११च्या साक्षरतेचे मला ८२.९१ टक्के आणि ८२.३४ टक्के असे दोन आकडे मिळाले. खरा कोणता, ते कळत नाही. चॅटबॉटकडून नऊ पुस्तकांची यादी घेतली, तर त्यांतील चार पुस्तके आमच्या ग्रंथपालांना कोठेच सापडली नाहीत. माझी आई घरी विड्या वळते. तेलुगू शाळेत ती चौथीपर्यंत शिकली. तिने सांगितलेल्या गोष्टींचा संदर्भ निबंधात देता येतो का? निबंध द्यायला तीन आठवडे उरले आहेत.
– सोलापूरच्या पूर्वभागातील एक विद्यार्थिनी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सरांचा शेरा तुमच्या विचारांवर नाही, निबंधाखालच्या यादीवर आहे, आणि ती यादी सुधारायला तीन आठवडे पुरतात. ‘हे पत्र कोणाचे?’ असे घरात कोणी विचारले, तर आपण ‘पोस्टमनचे’ असे सांगत नाही. संदर्भाच्या जागी ‘गुगल’ लिहिले की मात्र नेमके तेच उत्तर दिल्यासारखे होते. गुगलने काही मोजलेले नसते, कोणाची मुलाखत घेतलेली नसते. त्याने दुसऱ्याचे पान तुमच्यापुढे आणून ठेवलेले असते. विकिपीडियाचेही बरेचसे असेच आहे, मात्र तेथे चांगल्या लेखाच्या तळाशी मूळ पत्र कोणाचे हे लिहिलेले असते. म्हणून विकिपीडिया जरूर वाचावा, त्याच्या तळटीपांवरून मूळ अहवाल शोधावा, तो स्वतः उघडून पाहावा आणि मगच संदर्भ त्या अहवालाचा द्यावा. ज्याने प्रथम मोजले, पाहिले किंवा म्हटले, तो स्रोत; त्याच्यानंतरचे सगळे निरोप पोचवणारे. तुमच्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक अडचण या एका फरकापाशी येऊन थांबते.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी शीर्षकातील शब्दांचा विचार करू. ‘सामाजिक संधी’ हा शब्द सभांमधून सैलपणे वापरला जात असला, तरी अभ्यासात त्याला नेमका अर्थ आहे. अमर्त्य सेन यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हलपमेंट अ‍ॅज फ्रीडम’ या ग्रंथात विकासाची साधने ठरणारी पाच स्वातंत्र्ये सांगितली आहेत : राजकीय स्वातंत्र्ये, आर्थिक सुविधा, सामाजिक संधी, पारदर्शकतेची हमी आणि संरक्षक सुरक्षितता. यांतील सामाजिक संधी म्हणजे शिक्षण, आरोग्य यांसारख्या क्षेत्रांत समाजाने उभी केलेली अशी व्यवस्था, की जिच्यामुळे माणसाला अधिक चांगले जगण्याचे खरेखुरे स्वातंत्र्य मिळते. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतील ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द याच्या जवळचे असले, तरी त्यांची जात कायद्याची आहे, आणि त्यांचा माग काढायचा तर संविधानाची कलमे व न्यायालयाचे निवाडे वाचावे लागतात. (त्या वाटेने गेलात तर आपले गाव लवकरच भेटते. ‘चरणजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५०चा निवाडा, समानतेच्या कलम १४वरील अगदी सुरुवातीच्या निवाड्यांपैकी एक, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीचा कारभार सरकारने हाती घेतला त्यातून उद्भवला. तुमच्या निबंधाला तो बहुधा लागणार नाही, पण सोलापूरकराला सांगण्याचा मोह आवरला नाही.) आपण हा शब्द कोणत्या अर्थाने वापरत आहोत, हे पहिल्याच परिच्छेदात दोन वाक्यांत लिहा. अर्थ ठरल्याशिवाय पुरावा कोणत्या दालनात शोधायचा हे ठरत नाही, आणि मग मिळेल तो आकडा निबंधात येऊन बसतो.

आता ते दोन आकडे. ८२.९१ आणि ८२.३४ हे दोन्ही जनगणनेचेच आहेत. २०११च्या जनगणनेची तात्पुरती बेरीज त्याच वर्षी जाहीर झाली, तिच्यातला पहिला आकडा. सगळ्या कुटुंबपत्रकांची छाननी पूर्ण होऊन २०१३ साली अंतिम आकडे निघाले, त्यांतला दुसरा. देशाच्या बाबतीतही असेच घडले : तात्पुरते प्रमाण ७४.०४ टक्के होते आणि अंतिम प्रमाण ७२.९९ टक्के ठरले. ज्या संकेतस्थळांनी २०११ साली तात्पुरता आकडा उचलला, त्यांतील कित्येकांनी तो पुढे बदललाच नाही, आणि त्यांच्यावरून इतरांनी उतरवून घेतला. त्यामुळे आज शोध घेतला की दोन्ही आकडे सारख्याच ऐटीत समोर येतात. तुम्ही ८२.३४ घ्या, ‘अंतिम आकडेवारीनुसार’ हे शब्द त्याच्यासोबत ठेवा, आणि जिल्ह्याचा आकडाही जनगणनेच्या त्याच अंतिम तक्त्यांतून घ्या. एका वाक्यात राज्याचा अंतिम आणि जिल्ह्याचा तात्पुरता आकडा आला, तर तुलना फसते, आणि ती फसली आहे हे वाचणाऱ्याला दिसतही नाही.

परंतु कोणता आकडा घ्यावा याहून मोठा प्रश्न, त्या आकड्याने नेमके काय मोजले, हा आहे. जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांमध्ये काढतात, आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येणारी व्यक्ती साक्षर धरतात. तिने शाळेत पाऊल ठेवलेले असावे किंवा एखादी परीक्षा दिलेली असावी, अशी अट नाही. प्रगणक दारात उभा राहून विचारतो आणि मिळालेले उत्तर लिहून घेतो; तो कोणाची परीक्षा घेत नाही. आता ही व्याख्या तुमच्या घरी लावून पाहा. तुमच्या आईंना तेलुगू समजून वाचता-लिहिता येत असेल, तर मराठीचे एकही अक्षर येत नसले तरी जनगणनेच्या लेखी त्या साक्षर आहेत, आणि ते योग्यच आहे. मात्र बँकेतली पावती, दवाखान्यातला केसपेपर, शिष्यवृत्तीचा अर्ज, विजेचे बिल हे सारे ज्या शहरात मराठीत किंवा इंग्रजीत हाती पडते, तेथे ती साक्षरता त्यांना कितपत उपयोगी पडली, हे त्या टक्केवारीतून कळण्याचा मार्ग नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात हा प्रश्न किरकोळ नाही. तुमच्या निबंधाचे मर्म मला तर येथेच दिसते : व्यवस्था होती, शाळाही होती, पण त्या शाळेच्या भाषेने पुढचे दार उघडले का? साक्षरतेचा आकडा या प्रश्नाची पहिली ओळ लिहून देतो, उत्तर देत नाही, आणि तसे तुम्ही निबंधात लिहिलेत तर सर तुमच्या संदर्भांकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

तुलनेसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली, मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती पार पाडली, आणि सोलापूर जिल्ह्याचे स्वतंत्र माहितीपत्रक संकेतस्थळावर मोफत मिळते. तेथील साक्षरता १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांची आहे. नववी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना साक्षर धरले जाते आणि इतरांना एक वाक्य दाखवून वाचायला सांगितले जाते. वयोगट वेगळा, कसोटी वेगळी, जनगणनेत प्रत्येक घर आणि येथे निवडक घरांचा नमुना. हा आकडा जनगणनेच्या आकड्याशेजारी ठेवून ‘दहा वर्षांत साक्षरता एवढी वाढली’ असे वाक्य लिहिण्याचा मोह फार होतो. ते वाक्य लिहू नका. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या कापडाची लांबी आपल्या गावातला कोणताही कापडवाला अशी वजा करणार नाही.

शोधताना ‘सोलापूरची २०२५ची लोकसंख्या’ सांगणारी संकेतस्थळेही तुम्हाला दिसतील. २०२१ची जनगणना झाली नाही, त्यामुळे घराघरांत जाऊन केलेली शेवटची पूर्ण मोजणी आजही २०११चीच आहे. तिच्यानुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ आणि महानगरपालिका हद्दीची ९,५१,५५८ होती. त्यानंतरचा प्रत्येक आकडा अंदाज आहे. अंदाज वापरायला हरकत नाही, पण तो कोणी आणि कोणत्या रीतीने केला हे पानावर लिहिलेले नसेल, तर ते पान सोडून द्यावे. शहर आणि जिल्हा यांतला घोळही याच पानांवर सर्रास आढळतो.

जिल्ह्यासाठी दोन सरकारी प्रकाशने विशेष उपयोगी आहेत आणि विद्यार्थी त्यांच्याकडे क्वचितच वळतात. पहिले, ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सांख्यिकी कार्यालय ते तयार करते, आणि शाळा, दवाखाने, रस्ते, शेती यांचे तक्ते, पुष्कळ ठिकाणी तालुकावार, त्यात मराठीतच मिळतात. अक्कलकोट आणि बार्शी, सांगोला आणि माळशिरस यांची तुलना करायची असेल तर हाच आधार. दुसरे, त्याच संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’, जी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत विधिमंडळात मांडली जाते. दोन्हींत तक्त्याखाली बारीक अक्षरात ‘आधार’ असे लिहून मूळ खात्याचे नाव दिलेले असते. ती बारीक ओळ तक्त्याइतकीच काळजीने वाचा, कारण पुष्कळदा मूळ स्रोत तेथेच उघड होतो. शाळांच्या पटसंख्येसाठी केंद्र सरकारची ‘यू-डायस प्लस’ ही प्रणाली आहे आणि महाविद्यालयांसाठी अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण. या दुसऱ्या सर्वेक्षणात २०२१-२२ साठी देशाचे सकल नोंदणी प्रमाण २८.४ दिले आहे; त्याचा अर्थ ‘१८ ते २३ वयाच्या शंभर तरुणांपैकी अठ्ठावीस महाविद्यालयात आहेत’ असा करू नये, कारण अंशस्थानी कोणत्याही वयाचे विद्यार्थी येतात आणि छेदस्थानी फक्त तो वयोगट. माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचे कोणी सुचवील. त्याला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे आणि तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, तेव्हा या खेपेला तो विचार सोडून द्या.

इतिहासाचा एखादा परिच्छेद हवा असेल, तर इंग्रजी अमदानीतील जिल्हा गॅझेटिअर पाहा. मुंबई इलाख्याच्या मालिकेतील विसावा खंड सोलापूरचा आहे आणि तो १८८४ साली निघाला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘शोलापूर’ असे येते, म्हणून शोधताना दोन्ही वर्णलेखने टाकून पाहा. नाहीतर अर्धे साहित्य हाती लागत नाही. आणि त्या वेळचा जिल्हा म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. अक्कलकोट तेव्हा संस्थान होते, आज तो तालुका आहे. शिवाय गॅझेटिअर लिहिणारे अधिकारी कोणत्या जातीला ‘कष्टाळू’ आणि कोणत्या जातीला ‘आळशी’ म्हणतात, तो त्या जातींविषयीचा पुरावा धरू नये. तो सांगणाऱ्याविषयीचा पुरावा आहे. त्याच काळातला दुसरा आवाज ऐकायचा असेल, तर महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे केलेले निवेदन वाचा. कष्टकरी रयतेच्या पैशांतून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते, ही तक्रार आणि किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यात आहे. ते पाच-सहा पुस्तकांतून उद्धृत केलेले तुम्हाला आढळेल, पण मूळ निवेदन फुले यांच्या समग्र वाङ्मयात आहे आणि ते फार लांब नाही. एका बैठकीत वाचून होते.

अभ्यासकांचे लेखन शोधताना ‘शोधगंगा’ या संकेतस्थळापासून सुरुवात करा. देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तेथे मोफत वाचता येतात, केगावच्या आपल्या विद्यापीठातील प्रबंधही पाहा, आणि त्यांतले काही मराठीतही असतात. सगळे प्रबंध सारख्या तोलाचे नसतात, हे स्पष्टच सांगतो. परंतु कमकुवत प्रबंधाचीही संदर्भसूची उपयोगाची असते, कारण कोणीतरी चार-पाच वर्षे खर्चून ती जमवलेली असते. तुमचे महाविद्यालय ‘एन-लिस्ट’ योजनेत असेल तर ग्रंथपालांकडून सांकेतिक शब्द मागून घ्या. बाहेर पैसे मोजावे लागणारी नियतकालिके त्यातून वाचता येतात. मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिके’चे जुने अंक आणि मराठी विश्वकोशातील नोंदी पाहाव्यात, विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे जबाबदारी कोणाची हे कळते. सावध राहायचे ते पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून. त्यांच्या मुखपृष्ठावर ‘आयएसएसएन’ क्रमांक ठळक छापलेला असतो आणि विद्यार्थ्यांना तो दर्जाचा शिक्का वाटतो. तो केवळ नियतकालिक ओळखण्याचा क्रमांक आहे. गाडीला नंबर मिळाला म्हणून ब्रेक चांगले आहेत असे होत नाही. स्थानिक वर्तमानपत्रे घटनेसाठी उत्तम साधन आहेत, मात्र बातमीतला आकडा घेताना ‘अहवालानुसार’ या शब्दापुढे अहवालाचे नाव आहे का ते पाहून तो अहवाल गाठावा. कात्रणाचा संदर्भ देताना तारखेबरोबर आवृत्तीही लिहावी, कारण सोलापूर आवृत्तीतले पान पुणे आवृत्तीत सापडेलच असे नाही.

चॅटबॉटच्या यादीतली चार पुस्तके ग्रंथपालांना सापडली नाहीत, याचे कारण बहुधा ती लिहिलीच गेलेली नाहीत. ही साधने वाक्याच्या ओघात शोभेल असे लेखकाचे नाव, शोभेल असे शीर्षक आणि शोभेल असे वर्ष जुळवून देतात. कधी लेखक खरा असतो आणि पुस्तक काल्पनिक, तर कधी दोन्ही खरे असतात, पण त्या पुस्तकात तसे काहीच म्हटलेले नसते. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक सापडते आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून उरलेल्या पाच पुस्तकांचेही नेमके पान उघडून पाहा. जे पान तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही, ते तुमच्या यादीत येऊ नये. शोधायला शब्द सुचवून घेणे, अवघड इंग्रजी उतारा समजून घेणे, एवढ्यापुरते हे साधन वापरायला माझी ना नाही.

तुम्हालाच शहाणपण शिकवतो असे वाटू नये म्हणून माझी एक फजिती सांगतो. मी विद्यार्थी असताना सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांची संख्या एका स्मरणिकेतून उचलून माझ्या प्रबंधिकेत घातली होती. तोंडी परीक्षेत एवढेच विचारले गेले, ‘हे कोणी मोजले?’ मला सांगता आले नाही. पुढे माग काढला, तेव्हा स्मरणिकेतला आकडा एका भाषणातून आला होता, भाषणातला एका लेखातून, आणि लेखात आधार दिलेलाच नव्हता. तो आकडा ओळखपत्र असलेल्या कामगारांचा होता, की घरी बसून वळणाऱ्या सगळ्यांचा, हेही कळेना. आणि या धंद्यात त्या दोन संख्या एक नसतात, हे तुमच्या गल्लीत कोणीही सांगेल.

हीच सावधगिरी वचनांबाबतही हवी. सामाजिक संधीवरच्या निबंधाची सुरुवात बहुतेक जण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वचनाने करतात. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा क्रम आपल्या भिंतींवर रूढ आहे. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत त्यांनी केलेल्या इंग्रजी भाषणाच्या छापील पाठात मात्र शिक्षण, मग चळवळ आणि मग संघटन असा क्रम येतो. या क्रमाच्या फरकातून अर्थाचा केवढा फरक पडतो, यावर एक वेगळा निबंध होईल. तुम्ही एवढेच करा, की महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या खंडांत जे वाक्य तुम्हाला सापडले, तेच अवतरणचिन्हांत घाला. जे मोबाइलवरील चित्रात सापडले आणि खंडांत सापडले नाही, ते सोडून द्या. त्यांची खरी वाक्ये पुरून उरतील इतकी आहेत.

संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीवर तुम्ही फारसे विचारलेले नाही, तरी थोडे सांगतो. एपीए, एमएलए अशा अनेक पद्धती आहेत. विभागाने जी ठरवली असेल ती घ्यावी, ठरवली नसेल तर सरांना विचारावे, आणि एकदा घेतलेली शेवटपर्यंत पाळावी. समाजशास्त्रात बहुधा मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव, वर्ष आणि पृष्ठ देतात, आणि शेवटच्या सूचीत आडनाव, नाव, वर्ष, शीर्षक व प्रकाशक अशी पूर्ण नोंद करतात. सरकारी अहवालाला लेखक नसेल तर प्रकाशित करणारे खाते हेच लेखक समजावे. मराठी नोंदी अकारविल्हे लावाव्यात आणि इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी इंग्रजी लिपीत वेगळ्या द्याव्यात, म्हणजे वाचणाऱ्याला त्या शोधता येतात. पीडीएफ उघडल्यावर पडद्यावर दिसणारा पृष्ठक्रमांक आणि पानावर छापलेला क्रमांक यांत फरक असतो, छापलेला घ्यावा. सरकारी संकेतस्थळांचे दुवे वरचेवर बदलतात, म्हणून फाइल उतरवून ठेवावी आणि ती कोणत्या दिवशी पाहिली हे लिहावे. तळटीपा देणार असाल, तर ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्याच टिपेतला ग्रंथ) आणि ‘उपरोक्त’ (म्हणजे वर उल्लेखलेला ग्रंथ) हे शब्द अगदी शेवटी घाला. मध्येच एखादी नवी टीप घुसली, की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. मूळ ग्रंथ मिळाला नाही आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घ्यावा लागला, तर ‘अमुकांच्या ग्रंथातून उद्धृत’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. आणखी एक गैरसमज : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून दहा टक्के उतरवायला परवानगी आहे असे विद्यार्थी एकमेकांना सांगतात. तो आकडा यंत्राने दाखवलेल्या साम्यासाठी आहे. न सांगता उचललेला एक परिच्छेदही उचललेलाच राहतो.

आता आईंविषयी, आणि हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला असला तरी मला तो सर्वांत मोलाचा वाटला. होय, त्यांच्या सांगण्याचा संदर्भ देता येतो. वर म्हटल्याप्रमाणे ज्याने पाहिले तो स्रोत. आपल्या शाळेविषयी आणि आपल्या कामाविषयी तुमच्या आई मूळ स्रोतच आहेत. समाजशास्त्रात मुलाखत ही मान्य पद्धत आहे, मात्र ती चहा पिता पिता ऐकलेल्या गप्पांवरून आठवणीने लिहू नये. वेगळा वेळ ठरवून बसा. निबंधासाठी विचारत आहोत, हे आधी सांगून त्यांची संमती घ्या, आणि चालत असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. त्या तेलुगूत बोलत असतील तर तेलुगूतच बोलू द्या. भाषांतर तुमचे आहे, असे टिपेत नमूद करा. ‘शिक्षण नसल्यामुळे तुझे नुकसान झाले ना?’ असा प्रश्न विचारलात तर ‘हो’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी चौथीनंतर शाळा कशी सुटली, त्या वर्षी घरात काय चालले होते, पाने-तंबाखू आणण्याचे आणि माल पोचवण्याचे काम कोणाकडे होते, हजार विड्यांचा हिशोब वहीत कोण लिहीत असे, विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची माहिती त्यांना कोणाकडून कळली, तो अर्ज कोणी भरला, हे विचारा. वह्या, ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर पाहा, कारण आठवणीत साल पुष्कळदा मागेपुढे होते आणि कागदाशी ताडून घेतले की सांगणाऱ्याचेही समाधान होते.

लिहिताना एका मर्यादेचे भान ठेवा. एका मुलाखतीवरून ‘पूर्वभागातील विडी कामगार स्त्रिया’ असे बहुवचन करता येत नाही. शेजारच्या आणखी तीन-चार जणींशी बोलता आले, त्यांतली एखादी कन्नड किंवा उर्दू शाळेत शिकलेली असली, तर तुमच्या भाषेच्या प्रश्नाला धार येईल. तरीही ती उदाहरणेच राहतील, आणि उदाहरण म्हणूनच ती मांडावीत. संदर्भात त्यांची खरी नावे देऊ नका. ‘विडी कामगार स्त्री, वय अमुक, मुलाखत, सोलापूर’ आणि तारीख एवढे पुरे. परंतु त्यांपैकी एक तुमची आई आहे, ही गोष्ट निबंधात मोकळेपणाने लिहा, कारण सांगणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाते वाचणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

निबंध सरांना देण्यापूर्वी आईंविषयी लिहिलेला भाग त्यांना वाचून दाखवा, लागेल तेथे तेलुगूत सांगा. त्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर ती काढा. ‘असे नव्हे, असे झाले होते’ म्हणाल्या, तर दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीखही टिपेत घाला.